लाल ठिपके मोजून भागणार नाही

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. २०२२च्या जुलैपासून तिची चित्रे येऊ लागली आणि त्यांत कोणी न मागितलेली एक गोष्ट जिकडेतिकडे दिसू लागली: इवले, गोल, लालभडक ठिपके. वर्णपट काढल्यावर त्यांतल्या बऱ्याच ठिपक्यांमध्ये हायड्रोजनच्या रेषा पसरट निघाल्या. म्हणजे आतला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत असावा, आणि वायूला असे गरगरा फिरवण्याची ताकद सहसा महाकाय कृष्णविवराकडेच असते. हे ठिपके बहुतेक विश्व एक-दीड अब्ज वर्षांचे असतानाचे, काही त्याहूनही आधीचे. क्वेसारांच्या, म्हणजे अशाच कृष्णविवरांमुळे लखलखणाऱ्या दीर्घिका-केंद्रांच्या, जुन्या सर्वेक्षणांवरून अशा वस्तूंची जी संख्या अपेक्षित होती, तिच्या शंभरपटीच्या घरात ते भरले. झाले, लगेच एक जुना दावा उठून बसला: विश्वातला हायड्रोजन पुन्हा आयनित करण्याचे, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सोडवण्याचे, काम ताऱ्यांचे नव्हे, कृष्णविवरांचे.

आजच्या पुराव्यावर हा दावा मला मान्य होत नाही. ठिपके कमी पडतात, ही अडचण नाहीच. ते आणखी दसपट सापडले तरी त्यांच्यातून किती प्रकाश बाहेर पडला हे त्यांच्या संख्येवरून कळणार नाही. ज्या वायूने तो प्रकाश झेलला त्याचीच साक्ष काढावी लागेल, आणि ती साक्ष आज तरी कृष्णविवरांच्या विरोधात जाते.

आधी मामला काय आहे ते पाहू. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवले की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन उदासीन हायड्रोजन तयार झाला. मग तारे नाहीत, दीर्घिका नाहीत, असा लांबलचक अंधारा काळ. पुढे पहिले तारे पेटले, दीर्घिका जमू लागल्या, आणि विश्व साधारण एक अब्ज वर्षांचे होईपर्यंत दीर्घिकांमधल्या पोकळीतला जवळजवळ सगळा हायड्रोजन पुन्हा फुटला होता. हेच पुनरायनीभवन. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला निदान १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा फोटॉन लागतो. ताम्रसृती ७च्या सुमारास, म्हणजे विश्व पाऊण अब्ज वर्षांचे असताना, त्या पोकळीत घनमीटरला हायड्रोजनचे सरासरी शंभरेक अणू होते. (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप म्हणजे ताम्रसृती, आकडा जितका मोठा तितके आपण भूतकाळात खोल.) शंभर अणू म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण घनमीटर मोजायचेत ते अख्ख्या विश्वाचे. दर अणूमागे एक फोटॉन तर हवाच. शिवाय सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला येऊन चिकटतात, त्यांना पुन्हा सोडवायचे, म्हणून थोडे वरकडही हवेत.

इतके फोटॉन पुरवू शकतील असे तालेवार दोनच. एक, तरुण तप्त तारे असलेल्या दीर्घिका. दुसरी, सक्रिय दीर्घिका केंद्रे: दीर्घिकेच्या मध्यावरचे महाकाय कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापून लखलखणारी वायूची चकती. यांतली सर्वांत तेजस्वी ती क्वेसार. वरवर पाहता कृष्णविवराची बाजू भक्कम आहे. ताऱ्यांच्या प्रकाशापेक्षा त्याचा प्रकाश जास्त ऊर्जेचा असतो, आणि ज्या क्वेसारांत हे मोजता आले तिथे आयनीभवन करणारे तीन-चतुर्थांशाच्या आसपास फोटॉन दीर्घिकेबाहेर निसटताना दिसतात. दीर्घिकांचे उलट. तारे जन्मतात तेच वायूच्या दाट ढगांत. त्यांचे बहुतेक अतिनील फोटॉन जन्मघरातच गिळले जातात. दहा टक्के बाहेर पडले तरी पुष्कळ म्हणायचे.

असे असूनही दीर्घिकांचे पारडे इतकी वर्षे जड राहिले, याचे कारण क्वेसार उशिरा आले. त्यांचा सुगीचा काळ ताम्रसृती २ ते ३चा, विश्व दोन-तीन अब्ज वर्षांचे असतानाचा. तिथून मागे जावे तशी तेजस्वी क्वेसारांची संख्या झपाट्याने घसरते. पिएरो माडाऊ, फ्रान्चेस्को हार्ट आणि मार्टिन रीस यांनी १९९९मध्येच हिशेब मांडला होता की ताम्रसृती ५च्या सुमारास ज्ञात तेजस्वी क्वेसार पुरे पडत नाहीत. गंमत अशी की पुढे कृष्णविवरांची वकिली करायला हेच माडाऊ दोनदा उभे राहिले. मला त्यात काही वावगे वाटत नाही. नवा पुरावा आल्यावर जुनी बेरीज कवटाळून बसणारे जास्त असतात.

आणि नवा पुरावा खरोखरच आला होता, तोही भलत्याच बाजूने. आदिविश्वातून येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण वाटेत सुटे इलेक्ट्रॉन भेटले की विखुरते. किती विखुरले यावरून पुनरायनीभवन साधारण केव्हा झाले याचा अदमास घेता येतो. डब्ल्यूमॅप उपग्रहाने २००३मध्ये या विखुरणाचा आकडा ०.१७ दिला. तो खरा मानला तर पुनरायनीभवन विश्वाच्या पहिल्या वीस-पंचवीस कोटी वर्षांतच भरात यायला हवे. तेव्हा क्वेसार आणायचे कुठून? पण आकडा खाली खाली येत गेला, आणि प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या निकालांत ०.०५४वर स्थिरावला. पुनरायनीभवनाचा मध्य ताम्रसृती ७-८च्या दरम्यान सरकला. उशिरा येणाऱ्यांनाही दार उघडले.

त्या दारातून २०१५मध्ये एमान्युएले जालोंगो आणि त्यांचे सहकारी आत आले. हबल आणि चंद्रा या दुर्बिणींनी आकाशाचा एक तुकडा फार खोलवर टिपला आहे. त्यात ताम्रसृती ४ ते ६.५ दरम्यानचे मंद सक्रिय केंद्रांचे २२ उमेदवार त्यांनी शोधले. त्याच वर्षी माडाऊ आणि हार्ट यांनी गणित करून दाखवले की अशी मंद केंद्रे सगळीकडे असतील तर हायड्रोजनचे सगळे काम त्यांच्या एकट्याच्या बळावर होऊ शकते. इतर गटांनी यादी तपासली तेव्हा बरेच उमेदवार गळाले, पण ते आपण बाजूला ठेवू. यादी अस्सल निघाली असती तरी एक आक्षेप उरलाच असता. तो हेलियमचा, आणि या सबंध वादात त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

विश्वात हायड्रोजनच्या बारा अणूंमागे हेलियमचा साधारण एक. हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन सोडवायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, तेवढे तप्त तारेही देतात. दुसऱ्याला मात्र ५४.४ लागतात, हायड्रोजनच्या बरोबर चौपट. सामान्य ताऱ्यांच्या प्रकाशात या ऊर्जेचे फोटॉन जवळजवळ नसतातच. कृष्णविवराच्या प्रकाशात ते भरपूर. म्हणून हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन जिथे सुटला तिथे कृष्णविवराचा हात आहे, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. आता हायड्रोजन जर कृष्णविवरांनीच फोडला असेल, तर हेलियमही त्यांच्या हातून फार मागे राहायला नको.

प्रत्यक्षात तो मागे राहिला. १९९४मध्ये पेटर याकोबसेन आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण क्यू०३०२-००३ या क्वेसारवर रोखली. त्याची ताम्रसृती ३.२९. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम ३०.४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. तो इथवर येताना ताणला जाऊन १३० नॅनोमीटरवर पोचतो. हा प्रकाश वातावरणातून खाली येत नाही, त्यामुळे काम अवकाशातूनच करावे लागते. शिवाय वाटेत कुठे दाट हायड्रोजन आडवा आला की सगळेच पुसले जाते, म्हणून शंभरात एखादाच क्वेसार या कामाचा. याकोबसेन यांना त्या तरंगलांबीच्या अलीकडे वर्णपट एकदम खाली बसलेला दिसला. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन तिथे पुष्कळ ठिकाणी अजून जागेवरच होता. नंतर हबलनेच अशा बऱ्याच दिशा पाहिल्या. काही दिशांना ताम्रसृती ३.५च्या आसपासही वायू अपेक्षेपेक्षा स्वच्छ निघाला, हे कबूल केले पाहिजे. पण हेलियमचे काम पुरे झाले ते ताम्रसृती ३च्या सुमारास. विश्व तेव्हा दोन अब्ज वर्षांच्या पुढे गेलेले. हायड्रोजन आणि हेलियम यांच्यात एक अब्जाहून जास्त वर्षांचे अंतर पडले.

त्या वायूचे तापमानही हेच सांगते. फुटणारा अणू फोटॉनची उरलेली ऊर्जा वायूला देतो, म्हणून हेलियम फुटला की वायू तापायला हवा. ताम्रसृती ५च्या आसपास पोकळीतला वायू दहा हजार केल्विनच्या खाली आहे. मग तो चढत जातो आणि ३च्या आसपास चौदा-पंधरा हजारांवर पोचून पुन्हा निवतो. सगळे काम मंद कृष्णविवरांनी केले असते तर हा चढ कितीतरी आधी दिसला असता. २०१५च्या कल्पनेला हा घाव जिव्हारी लागणारा होता.

२०२४मध्ये माडाऊ, जालोंगो, अँड्रिया ग्रात्सियान आणि हार्ट पुन्हा एकत्र आले, या वेळी वेबचे ठिपके हाताशी घेऊन. त्यांच्या हिशेबात तीन गृहीतके आहेत. दहा ते पंधरा टक्के दीर्घिकांत पसरट रेषांचे सक्रिय केंद्र असते. अशा दीर्घिकांतून हायड्रोजन फोडणारा ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश बाहेर येतो आणि बाकीच्यांतून नगण्य. तिसरे, हेलियमसाठी लागणारे ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे फोटॉन मात्र आतच अडतात, किंवा मुळातच कमी निपजतात. हे तिन्ही मानले की हायड्रोजन वेळेवर फुटतो, हेलियम वेळेवर थांबतो, प्लँकचा आकडाही जुळतो.

काम चोख आहे, गृहीतकेही लपवलेली नाहीत. पण दुसरे आणि तिसरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १३.६ला सताड उघडे असलेले दार ५४.४ला घट्ट बंद हवे. भौतिकशास्त्र याला मनाई करत नाही. कृष्णविवराजवळच्या वायूत हायड्रोजन पुरता फुटलेला आणि हेलियम अर्धवट, अशी स्थिती संभवते. मात्र ती झाडून सगळ्या ठिपक्यांत, कोट्यवधी वर्षे टिकली पाहिजे आणि ताम्रसृती ३ जवळ आली की सुटली पाहिजे. जुळवून घेतलेल्या गोष्टीला पुराव्याचे वजन देता येत नाही.

खुद्द ठिपक्यांनी तर ऐंशी टक्क्यांच्या गृहीतकाखालची जमीनच काढून घेतली आहे. त्यांच्या हायड्रोजन रेषांमध्ये बऱ्याचदा शोषणाची खाच दिसते. काहींच्या वर्णपटात अशी ठळक पायरी आहे की ती ताऱ्यांच्या मिश्रणाने समजावता येत नाही. कृष्णविवराभोवती दाट हायड्रोजनचे जाड आवरण मानले तर ती सहज उलगडते. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या खोल चित्रांत ठिपक्यांच्या जागा एकावर एक रचून बेरीज केली तरी एरवी सक्रिय केंद्रांतून येणारे क्ष-किरण जवळजवळ सापडत नाहीत. २०२५मध्ये तर असाही विचार पुढे आला की रेषा पसरट दिसतात त्या निव्वळ वेगामुळे नाहीत; त्या आवरणातल्या इलेक्ट्रॉनांवर प्रकाश विखुरल्यानेही रेषा रुंदावते, आणि तसे असेल तर कृष्णविवरांची वस्तुमाने दहा ते शंभरपटींनी कमी धरावी लागतील. आवरणाचे हे चित्र बरोबर असेल, तर हायड्रोजनात असा गुंडाळलेला दिवा हायड्रोजन फोडणारा प्रकाश बाहेर सोडणार कसा? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तसे हे आहे. जवळच्या उघड्या क्वेसारांतला निसटता वाटा उचलून या झाकलेल्या ठिपक्यांना लावणे, ही या वादातली सर्वांत महागडी उसनवारी ठरेल.

दीर्घिकांच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही. जून २०२३मध्ये नासाने जाहीर केले की दीर्घिकांनीच आरंभीचे विश्व बदलले हे वेबने सिद्ध केले. आधार होता सायमन लिली यांच्या गटाचे काम: जे०१००+२८०२ या दूरच्या क्वेसारच्या वाटेवरच्या दीर्घिका शोधल्या तेव्हा त्यांच्याभोवती सुमारे वीस लाख प्रकाशवर्षे त्रिज्येचे पारदर्शक पट्टे आढळले. निरीक्षण देखणे आहे, पण ‘सिद्ध’ हा शब्द त्याला पेलत नाही. त्या दीर्घिकांच्या पोटात एखादे सक्रिय केंद्र दडलेले असेल तरी पट्टा तसाच दिसेल. दीर्घिकांच्या बाजूचा खरा जोर दुसरीकडे आहे. हाकिम आतेक यांच्या गटाने २०२४मध्ये एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वीय भिंगातून अतिमंद, बुटक्या दीर्घिका पाहिल्या. त्या आयनीभवनाचे फोटॉन पूर्वीच्या समजुतीच्या सुमारे चौपट निपजवतात असे दिसले. म्हणजे पाच टक्के बाहेर पडले तरी भागते. त्याच वर्षी हुलियान मुन्योस आणि सहकाऱ्यांनी वेबची मोजमापे जशीच्या तशी घालून बेरीज केली, तर फोटॉन उलट जास्तच झाले आणि पुनरायनीभवन फार लवकर उरकले. तंगी आहे म्हणून कृष्णविवरांना बोलावायचे होते, आता पुराची भीती. आधीच उतू जाणाऱ्या हिशेबात आणखी एक पुरवठादार घुसवण्याची निकड मला दिसत नाही.

कृष्णविवरांच्या बाजूने एकेकाळी आणखी एक मुद्दा वजनदार होता. ताम्रसृती ५.५च्या आसपास वेगवेगळ्या दिशांना हायड्रोजनचे शोषण फारच कमीजास्त दिसते. मोजके पण प्रखर स्रोत असले की असा विषमपणा येतो, म्हणून क्वेसार हवेत, असे म्हटले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गिरीश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये दाखवले की पुनरायनीभवन उशिरा, ताम्रसृती ५.३च्या सुमारास संपले असे मानले तर दीर्घिका एकट्यानेही हा विषमपणा घडवतात. मुद्दा तिथे बराचसा निकालात निघाला.

याचा अर्थ कृष्णविवरे नुसती बघत बसली असा नाही. हेलियमचे काम निःसंशय त्यांचे. हायड्रोजनच्या कामात, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, त्यांचा काही वाटा असणारच. शिवाय एक वाटा असा आहे जो फोटॉनच्या बेरजेत धरलाच जात नाही: कृष्णविवरातून सुटणारे वारे दीर्घिकेतला वायू झाडून काढतात आणि मग ताऱ्यांच्याच प्रकाशाला वाट मिळते. फोटॉन ताऱ्याचा, वाट कृष्णविवराची. आता याचे श्रेय कोणाच्या नावावर मांडणार? मला हा प्रश्न ‘कोणी केले’पेक्षा जास्त खरा वाटतो.

दुर्बिणीचा वेळ कशावर घालवायचा, हे यावरूनच ठरवायला हवे, कारण हा वेळ सार्वजनिक पैशाचा आहे आणि त्याला गिऱ्हाइके खूप. ठिपक्यांच्या आणखी याद्या होतीलच, त्यांना प्रसिद्धीही मिळेल. पण निसटता प्रकाश मोजण्याचे काम किचकट आणि बिनबोभाट असते. ताम्रसृती ६च्या दीर्घिकेतून सुटलेला हा प्रकाश वाटेतच शोषला जातो, आपल्यापर्यंत येतच नाही, म्हणून तो अलीकडच्या, तशाच गुणांच्या दीर्घिकांत मोजावा लागतो. हबलने जवळच्या ६६ दीर्घिका यासाठी तपासल्या, त्यांतल्या ३५ दीर्घिकांत तो सापडला. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या जेमतेम अडतीस सेंटीमीटर आरशाच्या दुर्बिणीने एयूडीएफएस०१ या ताम्रसृती १.४२च्या दीर्घिकेतून असा प्रकाश टिपला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या गटाने २०२०मध्ये ते प्रसिद्ध केले. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तरी तिथे हबल कमी पडली, कारण तिच्या उपकरणातला पार्श्वभूमीचा गोंगाट जास्त होता. लाल ठिपक्यांचे अलीकडचे भाऊबंद आता सापडू लागले आहेत. त्यांच्यावर हाच प्रयोग करायला हवा. तिथे निसटता प्रकाश शून्याजवळ निघाला तर २०२४च्या हिशेबातले ऐंशी टक्के गेले. पन्नासाच्या वर निघाला तर मी वर लिहिलेले आवरणाचे सगळे प्रकरण मागे घ्यावे लागेल.

दुसरे काम रेडिओचे. उदासीन हायड्रोजन २१ सेंटीमीटर तरंगलांबीचा संकेत देतो. ताम्रसृती ७वरून निघालेला हा संकेत आपल्यापाशी १७७ मेगाहर्ट्झच्या आसपास पोचतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागातल्या हेरा या रेडिओ दुर्बीण संचाने त्याला अजून पकडलेले नाही, पण तो अमुक पातळीच्या खाली असला पाहिजे हे दाखवून एवढे सांगितले आहे की ताम्रसृती ८च्या सुमारास वायू आधीच थोडा तापलेला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ अँटेनांची एसकेए-लो ही रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे, तिचा एक हेतू या वायूचा नकाशा काढण्याचा. दीर्घिकांनी काम केले असेल तर आयनित वायूचे असंख्य लहान बुडबुडे हळूहळू एकमेकांना भिडताना दिसतील, आणि त्यांच्या कडा तीक्ष्ण असतील. कृष्णविवरांच्या प्रखर फोटॉनांना उदासीन वायू चटकन अडवू शकत नाही, ते पुढे घुसतात. त्यामुळे त्यांचे बुडबुडे मोजके, मोठे आणि कडेला फिके होत जाणारे. वेबच्या पुढच्या फेरीत वेळ वाटणाऱ्यांनी ठिपक्यांच्या आणखी एका शिरगणतीऐवजी, या नकाशांत जे आकाश येणार आहे त्याच आकाशातल्या दीर्घिकांना तो वेळ द्यावा. नकाशा हाती येईल तेव्हा त्यातल्या प्रत्येक बुडबुड्यात कोण राहत होते, हे विचारायची सोय तरी झालेली असेल.